आत्मनिवेदन आणि वाचकाचे नाते

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी या पुस्तिकेत चार शब्द लिहावेत, असे शाळेच्या चालकांनी मला सुचविले. गुरुजींचे चरित्र लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्यांच्यामुळे माझ्या मनात उभा राहिलेला एक प्रश्न आपणांपुढे मांडावा, असे वाटते. लेखकाने आपल्या खाजगी आयुष्यातील गोष्ट सांगितली, तर ती परक्या वाचकाला आपली का वाटावी? आणि अशी गोष्ट सांगताना कोणते पथ्य पाळावे? ग्वाल्हेरसारख्या गावात, जेथे मराठी घरात आणि हिंदी रस्त्यावर अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची वाटणी आहे, तेथे या प्रश्नाला केवळ वाङ्मयीन महत्त्व नाही, हे पुढे स्पष्ट होईलच.

प्रारंभी माझाच अनुभव सांगतो. शिक्षकी पेशात नवा असताना शाळेच्या एका विशेषांकासाठी मी शिक्षण आणि संस्कार या विषयावर एक भारदस्त लेख लिहिला होता. त्यात ज्ञानगंगा होती, संस्कारांची शिदोरी होती, राष्ट्राचे भावी आधारस्तंभही होते. लेख छापून आला आणि त्याविषयी एकाही वाचकाने एका अक्षराने मला विचारले नाही. पुढे 1993 साली माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची स्मरणिका निघाली, तेव्हा वेळेअभावी मी दोन पानांत एक साधी आठवण लिहून दिली.

मी आठवीत असताना वडिलांची नोकरी गेली आणि माझी तीन महिन्यांची फी थकली. फी न भरलेल्यांची नावे वर्गात वाचली जात. त्या वेळी मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जात असे. भूगोल शिकविणाऱ्या गुरुजींनी हे हेरले. त्यांनी मला एक दिवस नकाशांच्या खोलीत नेले आणि फाटलेले नकाशे खळीने चिकटविण्याचे काम दिले. हिंदुस्थानच्या मोठ्या नकाशात ग्वाल्हेरच्या जागी चक्क एक भोक पडले होते. "आपले गाव कोठे आहे?" असे विचारल्यावर वर्षानुवर्षे मुलांची बोटे तेथेच टेकली होती! गुरुजी म्हणाले, "हे आधी बुजव. आपणच नाहीसे झालो, तर बाकीचा देश घेऊन काय करायचे?" महिनाभर मी रोज संध्याकाळी ते काम केले आणि माझी फी भरली गेली. ती मेहनताना म्हणून भरली गेली, असे मला सांगण्यात आले. ती गुरुजींच्या खिशातून गेली, हे मला फार उशिरा कळले.

या दोन पानांवर मला एकोणीस पत्रे आली. इंदूरहून आली, पुण्याहून आली, एक तर थेट हैदराबादेहून आले. त्या पत्रांत माझ्या लेखाची स्तुती जवळजवळ नव्हतीच! प्रत्येकाने आपली स्वतःची गोष्ट लिहिली होती. कोणाच्या आईने शिवणयंत्रावर रात्री जागून फी भरली होती; कोणी वडिलांची चप्पल घालून शाळेत येत असे. एका गृहस्थाने कबुली दिली की नकाशातले ते भोक बुजविल्यानंतर पुन्हा पाडण्यात त्याच्या बोटाचा वाटा होता.

त्या पत्रांनी मला जे शिकविले ते असे : सर्वसामान्य विधानाला वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो; परंतु खळ, नकाशा, थकलेली फी असा तपशील समोर आला की त्याच्या मनात त्याचा स्वतःचा तपशील जागा होतो. गोष्ट जितकी एकाची, तितकी ती अनेकांची होते, हे वरवर विसंगत वाटते; पण वाचनाचे कार्य असेच चालते.

आपल्या वाङ्मयात याचे उत्तम उदाहरण आपल्याच गावाशी निगडित आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेले भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. ग्वाल्हेर त्यांनी पाहिले. झाशीच्या वेढ्यात ते अडकले. पुन्हा पुन्हा लुटले गेले. अखेरीस घरी पोहोचले ते आई-वडिलांना गंगास्नान घालण्यासाठी आणलेली कावड घेऊन. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी हे सारे आठवून लिहिले. लेखकाच्या पश्चात 1907 साली वैद्यांनी ते 'माझा प्रवास' या नावाने संपादून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ मात्र दत्तो वामन पोतदारांमुळे 1966 साली वाचकांच्या हाती आला.

त्या काळाचे इतिहास पुष्कळ आहेत; परंतु सामान्य मराठी वाचकाला 1857 जवळचे वाटले ते या भटजींमुळे. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते. भटजी पाणी काढून देऊ लागतात, पण विद्वान ब्राह्मणाला हे कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच पाणी शेंदते. हा प्रसंग एकदा वाचलेला मनुष्य विसरत नाही, कारण तो सांगणारा योद्धा नाही, दरबारी नाही. तो भ्यालेला, भुकेलेला, दक्षिणेची काळजी वाहणारा एक गृहस्थ आहे, आणि आपले भय तो लपवीत नाही. निवेदकाने स्वतःला मोठे केले असते, तर राणी लहान झाली असती.

स्वतःकडे पाहून हसण्याचे हेच धैर्य लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या या बाईंनी वडिलांचे बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्याचे सोवळे, पतीचा लहरी स्वभाव, 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोसळलेले दुःख आणि पुढे स्वतःचे झालेले मतांतर हे सारे सांगितले. यांतील एकही अनुभव बहुसंख्य वाचकांच्या वाट्याला आलेला नाही. तरीही घरोघरच्या वाचकांनी त्यांना आपल्यातलेच मानले. याचे कारण माझ्या मते असे की, त्या वाचकाकडे न्यायही मागत नाहीत आणि दयाही मागत नाहीत. शेजारी बसून सांगावे तसे सांगतात. रमाबाई रानडे यांच्या 1910 सालच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकाची मर्यादाशील रीत निराळी. परंतु लिहावाचायला शिकते म्हणून घरातल्याच बायकांचा जाच सोसणारी ती मुलगी वाचकाला मोठ्या रानडे यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, जवळची वाटते.

मात्र सर्व आत्मनिवेदने अशी सुखाने स्वीकारली जात नाहीत. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले. त्यात त्यांनी एक मार्मिक योजना केली : सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार, अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसविली. शिकलेल्या, शहरात स्थिरावलेल्या माणसाला स्वतःचेच पूर्वायुष्य ऐकवत नाही, हे त्यातून न बोलता कळते. पांढरपेशा वाचकाला त्या पुस्तकाने अंतर्मुख केले. पण आपल्या घरातले दारिद्र्य आणि अपमान असे चारचौघांत उघडे करणे हे स्वतःच्या समाजातील काहींना रुचले नाही. ही तक्रार सहज झटकून टाकावी अशी नाही. आपली गोष्ट ही केवळ आपली कधीच नसते.

हे मला पुस्तकातून नव्हे, घरातून कळले. स्मरणिकेतील त्या आठवणीत मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो की, त्या दिवसांत आईने ताईच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या गहाण टाकल्या आणि लग्न वर्षभर लांबले. वाचकांना हे वाक्य फार भिडले. एकोणीस पत्रे आली ती मी मोठ्या उत्साहाने ताईला दाखविली. तिने ती वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाली, "अरे, आठवण तुझी, पण लाज माझी होती. सासरी मी हे कधी बोलले नव्हते." मी गप्प झालो. थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "आणि तेही चुकीचे लिहिलेस. आईने मागितल्या नव्हत्या. मीच काढून दिल्या."

त्या शेवटच्या वाक्याने माझी गोष्ट मुळापासून बदलली. मी जिला परिस्थितीची बळी म्हणून रंगविले होते, तिनेच तर घर सावरले होते. तेरा वर्षांच्या मुलाने दाराआडून जे ऐकले, तेच मी चाळिशी उलटल्यावर सत्य म्हणून छापले होते. एका विचारण्याने हे टळले असते. ताईने नंतर अबोला धरला नाही, पण मी तिच्याकडे मोकळ्या मनाने माफी मागितली ती फार उशिरा. आज ती नाही. हा प्रसंग येथे लिहिण्याची परवानगी मात्र तिने आपल्या हयातीत मला दिली होती, अट एकच : "या वेळी बरोबर लिही."

तेव्हा आपली गोष्ट सांगू पाहणाऱ्याने पाळावयाची पथ्ये मी अनुभवाने अशी मानतो. भावनेचे नाव सांगण्यापेक्षा वस्तूचे नाव सांगावे. 'फार हलाखी होती' यापेक्षा 'तीन महिन्यांची फी थकली' हे अधिक बोलते. स्वतःला गोष्टीचा नायक करू नये. साक्षीदार व्हावे, आणि चूक झाली असेल तेथे ती प्रथम सांगावी. स्मरणावर फाजील विश्वास ठेवू नये. जे पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगळे ठेवावे. आणि गोष्टीत जी दुसरी माणसे येतात त्यांना, ती हयात असतील तर, छापण्यापूर्वी वाचून दाखवावे. त्यांनी नको म्हटले तर ते वाक्य गाळावे. एक वाक्य गेल्याने गोष्ट मोडत असेल, तर ती आपली नव्हतीच, असे समजावे.

आता, प्रारंभी म्हटले त्याप्रमाणे, या प्रश्नाचा आपल्या गावाशी असलेला संबंध. आपली नातवंडे देवनागरी वाचतात, कारण हिंदी त्यांना येते. म्हणजे मराठीचे दार अजून बंद झालेले नाही. परंतु त्या दारातून आत येण्यास त्यांना कारण हवे. भाषेचे महात्म्य सांगणाऱ्या भाषणांनी ते मिळत नाही, हे मी अनेक वर्षे अशी भाषणे करून पाहिले आहे. माझ्या नातीने मात्र, तिच्या आजीच्या बहिणीने चूल आणि परीक्षा एकाच वेळी कशी सांभाळली, याविषयीचे चार पानी टिपण अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचले. न समजलेले शब्द विचारून घेतले. ज्या मजकुरात आपले माणूस भेटते, त्या मजकुराची भाषा माणूस शिकून घेतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. मोठे आत्मचरित्र नको. लष्करातल्या आपल्या वाड्यातील, या शाळेतील, एखाद्या बदलीच्या वर्षातील एकच प्रसंग दोन पानांत लिहावा. साल आणि जागा नोंदवावी. ज्यांचा उल्लेख आहे त्यांना दाखवावा. आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. विष्णुभटांनी जे पाहिले ते लिहिले नसते, तर तो काळ त्यांच्याबरोबरच गेला असता. गुरुजींनी मला नकाशातले जे भोक बुजवायला सांगितले, ते अजून पुरते बुजलेले नाही. खळ आपणां प्रत्येकाकडे थोडी थोडी आहे.