प्लास्टिकचं अंतरंग, भाग ९ : टाका टाका उसवताना

अ‍ॅक्रिलिकची नावपाटी करून घेताना लेझर मशीन चालू असलं, तर दुकानात एक वास येतो. उग्र, किंचित गोडसर, नाकात रेंगाळणारा. कवळ्या बनवणाऱ्या दंतप्रयोगशाळेतही हाच वास असतो. दोन्हीकडे हवेत असतं मिथिल मेथाक्रिलेट. कवळीच्या कामात ते साखळीत गुंफलं जाण्याआधीचं, पाटीच्या दुकानात साखळी सुटल्यानंतरचं.

गेल्या आठवड्यात तापलेलं पीव्हीसी पाहिलं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि मागे काळा सांगाडा उरतो. मूळ मोनोमर काही परत मिळत नाही. अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेटचं, तसं नाही. स्वेटरचा सुटा धागा ओढला की टाका टाका उसवत लोकर हाती येते, तसं ते ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला उसवतं आणि ९० टक्क्यांहून अधिक मोनोमर परत देतं.

हे घडतं दाटीमुळे. या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर एक मिथिल आणि एक एस्टर असे दोन गट एकमेकांना खेटून बसलेले असतात. त्यामुळे साखळी जुळताना मोलमागे जेमतेम ५६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एथिलीनच्या बाबतीत ती ९० च्या वर जाते. थोडक्यात जुळलेलं थोडक्यात सुटतं. आता तो मिथिल गट काढून तिथे हायड्रोजन ठेवा. झालं पॉलिमिथिल अ‍ॅक्रिलेट, नावात आणि रचनेत अगदी सख्खं भावंड. पण तुटलेल्या साखळीचं टोक शेजारचा हा हायड्रोजन ओढून घेतं आणि शांत होतं. उसवणं तिथेच थांबतं. मग मिळतात साखळीचे लहानमोठे तुकडे, मिथेनॉल, कार्बन डायऑक्साइड, मोनोमर नगण्य. एवढ्याशा गटाने पदार्थाचं सगळं भवितव्य बदलावं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

एस्टरची बाजू बदलली तरी गोष्ट बदलते. तिथे टर्शरी ब्युटिल गट असेल, तर साखळी उसवण्याआधी तो गटच आयसोब्युटिलीन होऊन उडून जातो. मागे उरलेलं आम्ल पाणी सोडून कड्या बनवतं, आणि मग वीण सहज सुटत नाही.

उसवायला सुरुवात कुठून होते? घडणीतच राहून गेलेल्या कच्च्या जागांपासून. दोन वाढती टोकं समोरासमोर येऊन जुळली असतील, तर तो सांधा १६० अंशांच्या आसपासच तुटतो. ज्या टोकाला दुहेरी बंध उरलेला असतो, ते २७० च्या सुमारास सुटतं. निर्दोष साखळी मात्र ३०० च्या बऱ्याच पुढे जाऊन मधूनच कुठेतरी तुटते.

लेझरने कापलेल्या पाटीची कड काचेसारखी स्वच्छ येते, ती या उसवण्यामुळेच. आगीत मात्र हाच गुण घातक. लाकूड जळताना निदान कोळशाचा थर धरतं. अ‍ॅक्रिलिक जवळजवळ सगळंच्या सगळं ज्वलनशील वाफ होतं. २ ऑगस्ट १९७३ रोजी आइल ऑफ मॅनवरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली. त्याच्या छताला आणि भिंतीला अ‍ॅक्रिलिकचे पत्रे होते. ५० माणसं गेली. इमारतीत इतरही दोष होते, बंद दरवाजे होते. पण पेटलेलं अ‍ॅक्रिलिक वितळून माणसांवर ठिबकत होतं.

वितळलेल्या शिशावर भंगार अ‍ॅक्रिलिक टाकून मोनोमर काढण्याची रीत, आणि ते काम करणाऱ्यांच्या रक्तात उतरणारं शिसं, पुढच्या आठवड्यात.