पाण्याचा हिशेब – ७ : जलपर्णी कशावर पोसते?

उल्हासनगरमधल्या कॅम्प ५ च्या नळाला येणारे पाणी एमआयडीसीचे, म्हणजे बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे. वापरून झाले की ते गटारातून वालधुनीला मिळते. वालधुनी काकोळ्याच्या बाजूने उतरते, अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीकडे जाते. बदलापूरचे नाले आणि उल्हासनगरचा खेमाणी नाला मात्र वर्षानुवर्षे उल्हास नदीतच पडत आले. त्याच नदीवर मोहन्याच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. मग यंत्रे लागतात, ढीग काठावर येतात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षी सगळे पहिल्यासारखेच. माझे म्हणणे असे की आपण रोप मोजतो, पण त्याचे खाणे मोजत नाही. त्या खाण्यातला निर्णायक घटक फॉस्फरस आहे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कॅनडातल्या ओंटारिओच्या तलावांत मिळाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी उत्तर अमेरिकेत वाद पेटला होता. तलाव हिरवे होतात ते कार्बनमुळे, त्यासाठी कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटला दोष देऊ नका, असे साबण उद्योगाच्या बाजूने सांगितले जाई. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून क्रमांक २२७ च्या तलावात फॉस्फरस आणि नायट्रोजन घातले, कार्बन घातलाच नाही. तरी तलाव हिरवागार झाला, कारण शैवालाने लागेल तेवढा कार्बन हवेतून ओढून घेतला. १९७३ मध्ये क्रमांक २२६ चा तलाव मधोमध पडदा लावून दुभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस फक्त एकाच भागात. त्या भागात शैवालाची साय आली, दुसरा भाग जवळपास होता तसाच राहिला. विमानातून काढलेल्या त्याच्या छायाचित्राने पुष्कळ धोरणकर्त्यांचे मत फिरवले.

यावर आक्षेप येतो की ते बर्फाळ मुलखातले साचलेले पाणी. आपली नदी वाहती, हवा उष्ण, आणि उष्ण प्रदेशात कित्येकदा नायट्रोजनच आधी कमी पडतो. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला नायट्रोजनचा भाग मला मान्य आहे. पण नायट्रोजनचा साठा हवेत आहे आणि काही निळे-हिरवे शैवाल तो थेट पाण्यात उतरवू शकते. क्रमांक २२७ मध्ये नायट्रोजन घालणे १९९० मध्ये पूर्ण बंद केले, फॉस्फरस चालू ठेवला. तलाव हिरवाच राहिला. फॉस्फरसला असा हवाई मार्ग नाही. तो येतो खडकातून, खतातून, मैल्यातून आणि साबणातून, म्हणजे आपल्याला अडवता येईल अशा वाटांनी. राहिला वाहत्या नदीचा मुद्दा. पावसाळ्यात उल्हास जलपर्णी खाडीकडे वाहून नेते हे खरे, पण पाऊस थांबला की बंधाऱ्यामागचे पाणी संथ होते आणि सांडपाणी रोज येतच राहते. उष्णतेने उलट जलपर्णीचे काम सोपे होते: उत्तरेकडचा तलाव हिवाळाभर बर्फाखाली असतो, आपल्याकडे वाढीला अशी सुट्टी नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे: जलपर्णीच पाणी शुद्ध करते, ती काढली की प्रश्न मिटला. एक रोप उचलून पाहावे. फुगीर देठ मोडला तर आत हवेने भरलेला स्पंज दिसतो, खाली पिसासारखी काळपट मुळे लोंबतात आणि त्यांत गाळ अडकलेला असतो. हे रोप खरोखरच फॉस्फरस शोषते. पण ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. एक टन काढली तर सुका माल ५० किलोच्या आसपास आणि त्यात फॉस्फरस साधारण २०० ग्रॅम. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला निदान एक ग्रॅम फॉस्फरस जातो. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ लाखांवर लोक होते. म्हणजे साबण सोडूनही रोज ९०० किलो. त्यातला चौथा हिस्साच नदीत जातो असे धरले, तरी तो बाहेर काढायला रोज हजार टनांहून जास्त जलपर्णी उचलावी लागेल. आणि उचललेली काठावरच कुजू दिली, तर तिचा रस पुन्हा पाण्यातच उतरतो.

मग सांडपाणी प्रक्रिया केंद्रे? ती हवीतच, पण नेहमीच्या पद्धतीचे केंद्र मुख्यतः कुजणारा कार्बन कमी करते, म्हणजे बीओडी उतरवते. फॉस्फरसचा मोठा भाग त्यातून निसटतो. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत अशा केंद्रांसाठी बीओडी, तरंगते घन पदार्थ, सामू आणि मैल्यातले जिवाणू यांच्या मर्यादा आहेत, फॉस्फरसची नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक निकषांचा आग्रह धरला, त्यात फॉस्फरस होता. तो गाळण्यासाठी तुरटी किंवा लोहक्षार घालण्याची पद्धत जुनी आहे. खर्च वाढतो आणि गाळही वाढतो, हे खरे. पण दरवर्षी यंत्रे, होड्या आणि मजूर लावून जलपर्णी काढण्याचा खर्च कुणी त्याच्याशेजारी मांडून पाहिला, तर तुलना तरी होईल.

एक अडचण मात्र उरते. तळाशी ऑक्सिजन असेपर्यंत गाळातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की ती पकड सुटते, हे मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या तलावांवर काम करून १९४१-४२ मध्येच दाखवले होते. जलपर्णीच्या झाकणाखाली नेमके तेच होते. त्यामुळे नाले आज अडवले, तरी बंधाऱ्यामागचा काळा गाळ काही वर्षे पाण्याला फॉस्फरस पुरवत राहू शकतो. स्वीडनमध्ये ट्रुमेन तलावाचा गाळ १९७०-७१ मध्ये उपसावा लागला, तो याचसाठी. उल्हासच्या पात्रात तसे करणे कितपत शहाणपणाचे, हे पुढच्या भागात.