गाजरगवत सगळीकडे कसे रुजते?



शाळेच्या कुंपणाला, एस.टी. थांब्याजवळ, शेताच्या बांधावर बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत आपण रोज बघतो. ते आपल्याकडचे नव्हे. मूळचे अमेरिका खंडातले. पुण्याला ते १९५५ साली प्रथम दिसले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सांगतात. आज ते कोरड्या मराठवाड्यात आहे आणि थंड हिमाचलातही आहे. एकाच झाडाला इतकी वेगवेगळी हवा मानवते कशी?

प्रत्येक झाडाची हवामानाची एक चौकट असते. किती ऊन, किती थंडी, किती पाऊस चालतो, ती ही चौकट. आंब्याचेच बघा. कोय लावली तर फळ यायला सात-आठ वर्षे लागतात. तेवढे सगळे उन्हाळे-हिवाळे रोपाने सोसले पाहिजेत. मोहोर आला तरी धुक्याने नाहीतर अवकाळी पावसाने गळतो. म्हणून आंबा बर्फाच्या मुलखात वाढत नाही.

गाजरगवताचे तसे नाही. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात ते फुलते. फुलायला ठरावीक ऋतू लागत नाही. वर्षातले दोन-तीन महिने ओल आणि ऊब मिळाली की त्याचे काम झाले! बाकीचे वाईट दिवस बी मातीत झोपून काढते. एका मोठ्या झाडाला पंधरा हजार आणि त्याहूनही जास्त बिया येतात. त्या पाण्याने, चिखलाने, गाडीच्या चाकाने पुढे जातात. हजारांतल्या थोड्या जरी नव्या हवेत तगल्या, तरी पुढे त्यांचीच पिलावळ वाढते. अशी चौकट हळूहळू सरकते.

जलपर्णीची तऱ्हा निराळी. ती दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली. तिला बी येते, पण बियांवाचूनही तिचे भागते. आईच्या अंगातून आडवी फांदी फुटते आणि टोकाला नवे रोप तयार होते. जोडीदार नको, मधमाशी नको. हर्बर्ट बेकर या शास्त्रज्ञाने १९५५ सालीच लिहिले होते, की ज्या झाडाला एकट्याने बी धरता येते त्याला दूरच्या नव्या जागी वस्ती करणे सोपे जाते. जलपर्णीला तर बीसुद्धा लागत नाही! २००४ साली ती स्पेनमधल्या ग्वादियाना नदीत दिसली. तिथे हिवाळ्यात थंडी पडते. थंडीने पाने करपली, तरी पाण्याखालचा गड्डा वाचला की ती पुन्हा फुटते. पाणीच गोठते तिथे मात्र तिचे काही चालत नाही.

आता हे कळून आपल्याला काय उपयोग? उपयोग मोठा आहे. माझ्या आईला खुरपताना गाजरगवताची खाज सुटते. गायरानात ते माजले की गुरांना चारा राहत नाही. म्हणून जो वाढतो जसा, त्याला काढावा तसा. गाजरगवत फुलायच्या आधीच, हाताला पिशवी बांधून, मुळासकट उपटावे. फुलल्यावर उपटून बांधावर फेकले तर आपणच बी पेरल्यासारखे होते. जलपर्णी काढताना एक तुकडाही पाण्यात ठेवू नये आणि ढीग काठापासून लांब टाकावा.

पाऊस पडून पंधरा दिवस झाले, की मी आमच्या बांधावरून फेरी मारणार आहे. तुम्हीही आपापल्या बांधावर मारा.