आभार, पश्चात्ताप आणि नम्रता : ख्रिस्ती वाटेवरची तीन पावलं

ही चर्चा रेडिओवर झाली तेव्हा काही गटांनी निरोप पाठवला, की लिहून द्या, बैठकीत पुन्हा वाचायची आहे. म्हणून बोललो होतो तशीच ती इथे देत आहोत.

आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. त्यातल्या तिघी ख्रिस्ती. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी गटाची बैठक होती. आमची एक ताई उशिरा आली, कपाळावर राख लावून. एकीनं सहज विचारलं, "काय गं, चुलीपुढून तशीच उठून आलीस का?" ती हसली. म्हणाली, "लागली नाही, लावून घेतलीय. आज राखेचा बुधवार. आजपासून आमचा उपवासकाळ सुरू."

मग तिनं समजावून सांगितलं. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस, रविवार सोडून मोजायचे. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये ज्या झावळ्या मिळतात, त्या जाळून ही राख करतात. धर्मगुरू ती कपाळाला लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जायचा आहे, याची ती आठवण. या दिवसांत उपवास, प्रार्थना आणि दानधर्म करायचा, आणि आपलं कुठं चुकलं ते शोधायचं.

"कुठं चुकलं" हे शब्द आले आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण त्या दिवशी आमच्यापुढे एक विषय होता, जो कुणीच काढत नव्हतं.

झालं असं होतं. दिवाळीच्या सुमारास गटाच्या हिशेबात २,४०० रुपये कमी आले. वही होती आमच्या कोषाध्यक्ष काकूंकडे. त्यांना तोंडावर चोर कुणी म्हटलं नाही. पण "पैसे कुठं गेले ते ज्याचं त्याला ठाऊक" असं भर बैठकीत म्हटलं गेलं. काकू उठल्या, वही खाली ठेवली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. जानेवारीत आम्ही बँकेतून पासबुक भरून आणलं, तर पैसे खात्यात जमा होते. भरण्याची पावती आमच्यातल्याच एकीच्या पिशवीत राहिली होती आणि वहीत नोंद करायची राहून गेली होती. चूक आमची होती. हे कळूनही महिना गेला, पण काकूंच्या दारात कुणी गेलं नाही. "येतील त्या आपोआप." "आता कशाला उकरून काढायचं?" असंच चाललं होतं.

राख लावलेली ताई म्हणाली, "मी आज चर्चला जाऊन आले आणि काकूंच्या घरावरून तशीच पुढं आले. हे काही खरं नाही. मला आधी तिथं जायला पाहिजे."

त्या रात्री आम्ही तिला खूप प्रश्न विचारले. त्यातून जे समजलं ते सांगतो. कुणी आपला धर्म सोडावा म्हणून नाही. शेजारणीच्या घरातलं चांगलं काही शिकावं, एवढ्यासाठीच.

पश्चात्ताप म्हणजे नुसता ताप नाही

आपल्या मराठी शब्दात ताप आहे. चूक झाल्यावर जीव जळतो, झोप लागत नाही, तो ताप. पण बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे हिब्रू भाषेत, यासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ आहे परत फिरणं. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतल्या शब्दाचा अर्थ आहे मन बदलणं. म्हणजे नुसतं जळून भागत नाही. चुकीच्या वाटेवर आहोत हे कळलं, की वळून परत यायचं.

येशूनं सांगितलेली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. धाकट्या मुलानं बाप जिवंत असतानाच वाटणी मागितली, परदेशात जाऊन सगळं उडवलं. मग तिथं दुष्काळ पडला आणि त्याच्यावर डुकरं राखायची वेळ आली. तो रडला असेल, पण रडण्यानं त्याचं काही बदललं नाही. तो उठला आणि घराच्या वाटेला लागला, तिथं बदल सुरू झाला. बापानं त्याला लांबून पाहिलं आणि तोच पळत पुढं गेला.

दुसरी गोष्ट जक्कयाची. हा यरीहो गावचा जकातदारांचा मुख्य. लोकांकडून पैसे काढून श्रीमंत झालेला. अंगानं बुटका, म्हणून येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी पाहुणा गेला. तेव्हा जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. मैत्रिणींनो, इथं पश्चात्तापाचा हिशेब झाला. घेतलं ते परत द्यायचं, मोडलं ते जोडायचं.

कॅथलिक लोकांत धर्मगुरूंपुढे चुका सांगण्याचा प्रायश्चित्ताचा संस्कार असतो. प्रॉटेस्टंट लोक बहुधा थेट देवापुढे कबुली देतात. रीत वेगळी, पण दोन्हीकडे शिकवण हीच, की शेजाऱ्याचं नुकसान केलं असेल तर देवाची क्षमा मागून तिथंच थांबायचं नाही. शेजाऱ्याचं नुकसान जमेल तसं भरून द्यायचं.

उपकारस्तुती : परत येऊन आभार

आभार मानण्याला मराठी ख्रिस्ती मंडळींचा सुंदर शब्द आहे, उपकारस्तुती. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारसाचा जो विधी होतो, त्याचं जुनं ग्रीक नावसुद्धा उपकारस्तुती या अर्थाचंच आहे. म्हणजे आभार मानणं हा त्यांच्या उपासनेचा गाभा.

त्यावरही एक गोष्ट आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले. नऊ जण परत आले नाहीत. एकच परत आला आणि येशूच्या पाया पडून आभार मानले. तो एक कोण होता? शोमरोनी, म्हणजे ज्यांना त्या काळचे यहुदी लोक हलकं समजत, त्यांच्यातला. ज्याला कुणी मोजत नव्हतं, त्याला उपकार आठवले.

पण आभारातही एक खोट असू शकते. येशूनं दोन माणसांची गोष्ट सांगितली. दोघं मंदिरात प्रार्थनेला गेले. एक परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. तो देवाचे आभार मानत होता, पण कशाबद्दल? मी इतरांसारखा पापी नाही, त्या जकातदारासारखा नाही, याबद्दल. दुसरा तो जकातदार. तो लांब उभा राहून छाती बडवत दयेची भीक मागत होता. येशू म्हणाला, की देवापुढे खरा ठरून घरी गेला तो जकातदार.

हे ऐकून आमच्यातली एक आजी म्हणाली, "म्हणजे आपण म्हणतो ना, देवाची कृपा, आपल्या पोरी त्यांच्या पोरींसारख्या नाहीत. ते आभार नव्हेत, तो टोमणा झाला." अगदी बरोबर. आभारात नम्रता नसेल तर त्याची फुशारकी होते.

नम्रता : कोण वाकलं ते बघा

येशूच्या देशात वाटा धुळीच्या. घरी आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरातल्या नोकराचं काम. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूनं स्वतः कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सहन होईना, तो नको म्हणाला. गुरूनं वाकावं हे शिष्याला जड गेलं.

आजही गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू काही लोकांचे पाय धुतात. पूर्वीच्या नियमात फक्त पुरुष बसत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांनाही त्यात जागा दिली. पाय धुणारा मोठ्या मानाचा असतो, हे लक्षात घ्या. वाकायचं असतं ते ज्याच्याकडे मान आहे त्यानं.

हे सांगणं जरुरीचं आहे, कारण बाईला नम्रता शिकवायला सगळे तयार असतात. नवरा मारतोय, सहन कर. सासर छळतंय, गप्प राहा. ही नम्रता नव्हे. मार खाणाऱ्या बाईनं पश्चात्ताप करायचा नसतो, मारणाऱ्यानं करायचा असतो. क्षमा करणारी बाईही पोलिसांत जाऊ शकते, माहेरी जाऊ शकते. नम्र असणं म्हणजे स्वतःबद्दल खरं बोलणं. आपल्या चुकीबद्दल खरं, आणि आपल्यावरच्या अन्यायाबद्दलही खरं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण

याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडिलांनी बाईच्या जातीला संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथं ख्रिस्ती जोगिणी वाट चुकलेल्या बायकांना हाकलून न देता मायेनं सांभाळतात हे त्यांनी पाहिलं. ती गोष्ट मनाला भिडली आणि १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी धर्मगुरूंचं सगळं मुकाट ऐकलं नाही. पटलं नाही तिथं वाद घातला.

पण त्यांचं खरं मोठेपण पुढे दिसतं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. बुद्धीला पटलं होतं, अंतःकरण बदललं नव्हतं. एवढ्या नावाजलेल्या पंडितेनं हे उघडपणे लिहून ठेवलं. दुष्काळ त्यांनी स्वतः भोगला होता, तो त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुली शिकल्या, शेती, विणकाम, छपाई करू लागल्या.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची एवढी पंडिता, पण भाषा मुद्दाम साधी ठेवली, खेड्यातल्या बाईला समजावी म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पुस्तक निघालं. आपली विद्या दाखवायची सोडून समोरच्या बाईच्या पातळीला येऊन बोलायचं, याला म्हणतात नम्रता.

मग आम्ही काय केलं?

त्या बुधवारी ताई एकटीच जाणार होती. आम्ही म्हटलं, बोललो सगळ्याजणी, तर जाऊही सगळ्याजणी. जाताना कुणाच्या पायात बळ नव्हतं. एक म्हणाली, "आपण सांगू, की हिशेबात गोंधळ झाला होता." ताईनं तिला थांबवलं. "गोंधळ झाला नाही. आपण संशय घेतला. तसंच सांगायचं."

तसंच सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. चहा टाकला. कप हातात देताना म्हणाल्या, "बोललात भर बैठकीत आणि माफी मागताय माझ्या ओट्यावर." त्यांचं म्हणणं खरं होतं. पुढच्या बैठकीत आम्ही आमची चूक वाचून दाखवली, इतिवृत्ताच्या वहीत लिहिली आणि सगळ्यांनी सह्या केल्या. सहा वर्षं एका पैशाचा घोळ न होऊ देता त्यांनी वही सांभाळली होती, त्याचे आभारही त्याच पानावर लिहिले. ते आभार आम्ही कधी मानलेच नव्हते. आधी मानले असते, तर कदाचित संशय आलाच नसता.

काकू आता बैठकीला येतात. वही मात्र त्यांनी परत घेतली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही. माफी मागितली म्हणून समोरच्यानं लगेच सगळं विसरावं, अशी अट घालायचा हक्क आपल्याला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि तीन प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या गटात कुणाचे आभार मानायचे राहिलेत? कुणाचं मन दुखवून आपण "जाऊ दे" म्हटलंय? आणि तिच्या दारात जायला आपल्याला कोण अडवतंय? बहुतेक वेळा आपलाच ताठा अडवत असतो. तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा.