ध्वनिक्षेपकाचे नाव आणि त्याची मालकी : मालकी-बदलाचा अन्वयार्थ

बीजशब्द : नाममुद्रा, व्यापारचिन्ह, मालकी-हस्तांतरण, ध्वनिक्षेपक, ग्राहकहित

प्रस्तावना

जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव होय. मराठवाड्यातील अशा गावांत लग्नसराई, जत्रा, गणेशोत्सव, शिवजयंती आणि प्रचारसभा यांवर मंडप व ध्वनिसंच भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांची उपजीविका चालते. ध्वनिसंच ही त्यांची मोठी आणि अनेकदा कर्ज काढून केलेली गुंतवणूक असते. ती करताना पेटीवरील नावावर त्यांची मोठी भिस्त असते. हे नाव धारण करणारी कंपनी दूरदेशी विकली गेली तर या व्यावसायिकाच्या दृष्टीने नेमके काय बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव व वस्तू : दोन वेगळ्या मालमत्ता

सामान्य ग्राहक नाव आणि वस्तू यांत भेद करीत नाही. कायदा मात्र तसा भेद करतो. भारताच्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार नोंदणीकृत चिन्ह व्यवसायाच्या लौकिकासह किंवा त्याविनाही दुसऱ्याच्या नावे करता येते. तसेच मालकी आपल्याकडे ठेवून ते चिन्ह वापरण्याची परवानगी इतरांना देता येते. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे वारंवार नूतनीकरण करता येते. म्हणजेच कारखाना बंद पडला, अभियंते पांगले, तरी नाव जिवंत राहू शकते.

संस्थापकाच्या हातून गेलेले नाव

मराठवाड्यातील मिरवणुकांत ‘जेबीएल’ हे नाव सर्वपरिचित आहे. ते जेम्स बी. लान्सिंग या अमेरिकन तंत्रज्ञाच्या नावाची आद्याक्षरे होत. लान्सिंग यांची पहिली कंपनी १९४१ मध्ये आल्टेक या कंपनीने विकत घेतली आणि ‘आल्टेक लान्सिंग’ हे नाव रूढ झाले. १९४६ मध्ये लान्सिंग तेथून बाहेर पडले व त्यांनी स्वतःची नवी कंपनी काढली. परंतु ‘लान्सिंग’ या नावाच्या वापरास आल्टेकने हरकत घेतली. स्वतःचेच आडनाव मोकळेपणाने वापरणे संस्थापकास अशक्य झाले आणि पुढे ‘जेबीएल’ ही आद्याक्षरे नाममुद्रा म्हणून पुढे आली. १९४९ मध्ये लान्सिंग यांचे निधन झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘आल्टेक लान्सिंग’ हे नाव संगणकासोबतच्या लहान ध्वनिक्षेपकांवर दिसू लागले. एकेकाळी चित्रपटगृहे गाजविणारे नाव टेबलावर आले. नाव तेच राहिले, वस्तूचे स्वरूप मात्र पूर्णतः बदलले.

कारखान्यासह झालेले हस्तांतरण

जेबीएलची पुढील वाटचाल निराळी आहे. १९६९ मध्ये ही कंपनी सिडनी हरमन यांच्या उद्योगसमूहाकडे आली. १९७७ मध्ये हरमन यांनी अमेरिकेच्या वाणिज्य खात्यात पद स्वीकारताना आपला समूह बीट्रिस फूड्स या खाद्यपदार्थ कंपनीस विकला आणि १९८० मध्ये जेबीएल पुन्हा विकत घेतली. नोव्हेंबर २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सॅमसंगने हरमन इंटरनॅशनल सुमारे ८०० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि मार्च २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. सॅमसंगचे मुख्य लक्ष मोटारींतील इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर होते. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील हरमनचा कारखानाही याच मोटार व्यवसायाशी संबंधित आहे. येथे कंपनी, अभियंते, कारखाने आणि नाव एकत्रच नव्या मालकाकडे गेले, त्यामुळे उत्पादनाचे सातत्य टिकण्यास वाव राहिला. तथापि ध्वनिक्षेपक हा मोठ्या समूहाच्या अनेक विभागांपैकी एक विभाग ठरला, हेही लक्षात घेतले पाहिजे.

अशा विभागाचे भवितव्य पुष्कळदा ध्वनीच्या गुणवत्तेवर नव्हे, तर मालकाच्या अन्य गरजांवर ठरते. वैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्या मासिमो या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये साउंड युनायटेड हा समूह सुमारे १०२ कोटी डॉलरना घेतला. बॉवर्स अँड विल्किन्स, पोल्क, डेनॉन इत्यादी नामांकित नाममुद्रा त्यात होत्या. भागधारकांची नाराजी ओढवल्यानंतर २०२५ मध्ये तोच समूह मासिमोने ३५ कोटी डॉलरना हरमनला विकला. तीन वर्षांत किंमत जवळजवळ एकतृतीयांशावर आली. याचा अर्थ त्या पेट्यांचा आवाज तेवढ्याच प्रमाणात खालावला, असा मुळीच नाही.

केवळ नावाचा परवाना : सान्सुई

मराठवाड्याला जवळचे उदाहरण सान्सुईचे आहे. ‘सान्सुई’ म्हणजे पर्वत आणि जल. १९४७ मध्ये स्थापन झालेली ही जपानी कंपनी आपल्या ध्वनिवर्धक व ध्वनिक्षेपकांसाठी जगभर ओळखली जाई. भारतात मात्र हे नाव घरोघर पोहोचले ते औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉन समूहामुळे आणि प्रामुख्याने दूरदर्शन संचांवरून. मूळ जपानी कंपनी उत्तरकाळात दिवाळखोरीत गेली. व्हिडिओकॉनविरुद्धची दिवाळखोरीची प्रक्रिया २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतली. त्यानंतरही ‘सान्सुई’ नावाचे संच दुसऱ्या भारतीय समूहाने बाजारात आणले. जपानमधील निर्माता आणि मराठवाड्यातील उद्योग हे दोन्ही कोसळले, तरी नाव तरले. कामगारांच्या वाट्याला मात्र नावाचे हे दीर्घायुष्य आले नाही.

ध्वनीत फरक केव्हा पडतो?

ध्वनिक्षेपकात तारेचे वेटोळे (कॉइल), चुंबक, कागदी वा अन्य शंकू (कोन) आणि पेटी हे घटक परस्परांशी प्रमाणबद्ध असतात. चुंबकाची शक्ती, शंकूचे वजन अथवा पेटीचे आकारमान बदलले की ध्वनी बदलतो. मालक बदलूनही हे घटक तसेच राहिले तर ध्वनी तोच राहतो. उलट मालक तोच असूनही घटक बदलू शकतात. १९७८ मध्ये झैरेच्या शाबा प्रांतातील संघर्षामुळे कोबाल्ट दुर्मीळ व महाग झाले. परिणामी जेबीएलसह अनेक उत्पादकांना कोबाल्टयुक्त अल्निको चुंबक सोडून फेराइट चुंबकाकडे वळावे लागले. तेव्हा जेबीएल बीट्रिसच्या मालकीची होती. हा बदल नव्या मालकाच्या माथी मारणे सोपे असले, तरी त्याचे खरे कारण आफ्रिकेतील खाणींत होते.

व्यावसायिकाचे हित

मालकी-बदलाचा प्रत्यक्ष चटका बसतो तो दुरुस्तीच्या वेळी. ऐन लग्नसराईत कॉइल जळाली आणि मूळ मापाचा भाग मिळाला नाही, तर जवळपासचा भाग बसवावा लागतो. पेटीवरील नाव कायम राहते, पण आवाज फाटतो आणि पुढची सुपारी दुसऱ्याकडे जाते. म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहणे इष्ट ठरते. पहिली, संपूर्ण कंपनी विकली गेली की केवळ नाव? कंपनीचे भाग विकले गेल्यास कंपनी कायम राहते व तिच्या जुन्या जबाबदाऱ्याही सामान्यतः तिच्याकडेच राहतात. केवळ नाव विकले गेल्यास जुन्या हमीची जबाबदारी नव्या मालकावर आपोआप येईलच असे नाही. दुसरी, त्या विशिष्ट प्रकारचे सुटे भाग कोठे मिळतात? तिसरी, हमीपत्रावर व बिलावर कोणत्या भारतीय कंपनीचे नाव-पत्ता आहे? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणाराही उत्पादकाच्या व्याख्येत येतो. त्यामुळे बिल जपून ठेवणे हा केवळ शिरस्ता नसून संरक्षण आहे.

समारोप

मालकी बदलली म्हणून वस्तू निकृष्ट झाली असे मानणे जसे चुकीचे, तसेच नाव कायम आहे म्हणून वस्तूही तीच आहे असे मानणे चुकीचे होय. नाव हे एका काळी दिलेल्या वचनाची खूण असते. ते वचन पाळणारे अभियंते, कारखाना आणि सुट्या भागांचा पुरवठा नावाबरोबर आले की नाही, हाच निर्णायक प्रश्न आहे. जळकोटसारख्या गावातील व्यावसायिकास त्याचे उत्तर कंपनीच्या जाहिरातीत मिळत नाही. हमीपत्र वाचताना आणि दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करताना मात्र ते मिळू शकते, आणि कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वी ते मिळविणे त्याच्या हिताचे आहे.