समुद्रतळाशी थरांचे खडक कसे तयार होतात?

मातीचा पोत पाहण्याची बरणीची रीत आपल्यापैकी अनेकांनी करून पाहिली असेल. काचेच्या बरणीत मूठभर माती व पाणी घालून जोराने हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर पोयटा बसतो आणि चिकणमातीने पाणी बराच काळ गढूळ राहते. समुद्राच्या तळाशी हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडतो.

नद्यांनी वाहून आणलेला गाळ किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात साठतो. त्यापुढे तळ एकदम खोल उतरतो. भूकंपाने हा गाळ घसरला की पाण्यात मिसळतो. गढूळ पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळालगतच उताराने धावते आणि वाटेत आणखी माती उचलून अधिक जड होते. धरणातही असे घडते. अमेरिकेतील हूवर धरणात १९३५ साली पाणी साठू लागले, तेव्हा जलाशयाचे वरचे पाणी स्वच्छ असूनही धरणातून गढूळ पाणी बाहेर पडताना आढळले.

या प्रवाहाची ताकद किती? आज कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेस १८ नोव्हेंबर १९२९ रोजी समुद्रतळाखाली ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामी लाटांत २८ माणसे दगावली. समुद्रतळावरून टाकलेल्या तारायंत्राच्या १२ तारा तुटल्या. भूकंपाजवळच्या तारा तत्काळ तुटल्या, पण खोल पाण्यातील तारा उताराच्या क्रमाने एकामागून एक, १३ तासांहून अधिक काळ तुटत राहिल्या! हीझन व युइंग या शास्त्रज्ञांनी १९५२ साली याचा उलगडा केला. तारा तोडणारा गढूळ प्रवाह ताशी ६० कि.मी.हून अधिक वेगाने धावला होता.

तळ सपाट झाला की प्रवाह मंदावतो. आधी जाड वाळू, मग बारीक वाळू, पोयटा व शेवटी चिकणमाती बसते. एका लोंढ्याचा हा एक थर होय. पुढचा लोंढा आला की त्यावर दुसरा. वरच्या ओझ्याने व पाण्यातील खनिजांनी कण चिकटून वाळूचा वालुकाश्म व चिकणमातीचा शेल बनतो. अशा थरांना टर्बिडाइट म्हणतात. भूकवचाच्या हालचालींनी ते वर उचलले जातात. इटलीच्या अपेनाइन पर्वतात ते उघड्यावर दिसतात. एखाद्या थरात जाड कण वर व बारीक खाली दिसले, तर तो थर उलटा झाला आहे असे भूवैज्ञानिक ओळखतात.

सह्याद्रीच्या कड्यांवरील आडवे थर मात्र या जातीचे नव्हेत. ते लाव्हारसाचे आहेत.