नक्कल करणाऱ्याला पिलरी, अस्सलाची मिरवणूक

जानेवारी १७०३ मध्ये ‘लंडन गॅझेट’ या सरकारी वृत्तपत्रात एका फरारी माणसाचं वर्णन छापून आलं. मध्यम उंची, सडपातळ बांधा, वय चाळिशीचं, बाकदार नाक, तोंडाजवळ मोठा तीळ. पकडून देणाऱ्याला पन्नास पौंडांचं बक्षीस. हा माणूस म्हणजे पुढे ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डिफो. एक निनावी पॅम्फ्लेट लिहिलं, एवढाच त्याचा गुन्हा.

छपाईआधी परवाना घेण्याचा कायदा १६९५ मध्ये मुदत संपून बाद झाला होता. आता काहीही छापता येई. खटला भरला जाई तो छापून झाल्यावर. त्यामुळे पुष्कळ लेखक नाव गाळत आणि कॉफीहाउसांत तर्क लढवले जात.

सगळ्यात जास्त शाई सांडत होती ती ‘डिसेंटर’ लोकांवरून. प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, क्वेकर वगैरे पंथांचे हे प्रोटेस्टंट चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेर होते. १६८९ च्या कायद्याने त्यांना उपासनेची मोकळीक दिली, पण सरकारी किंवा नगरपालिकेचं पद हवं तर राजमान्य चर्चमध्ये प्रभुभोजन घेण्याची अट कायम राहिली. काहींनी वाट काढली: एकदा तिथे जाऊन प्रभुभोजन घ्यायचं, पद पदरात पाडायचं आणि पुन्हा आपल्या प्रार्थनाघरात जायचं. अनेक शहरांत खासदार निवडण्याचा अधिकार नगरपालिकेच्या हाती असे, आणि डिसेंटर सहसा व्हिग पक्षाच्या बाजूचे. म्हणून विरोधी टोरी पक्षाला ही पळवाट बुजवायची होती. वाद प्रभुभोजनाचा दिसे. हिशेब मतांचा असे.

१७०२ मध्ये चर्चनिष्ठ ॲन राणी गादीवर आली आणि टोरींना जोर चढला. ऑक्सफर्डचा पाद्री हेन्री सॅशेव्हरेल डिसेंटरांविरुद्ध आग ओकू लागला. डिसेंबरमध्ये डिफोने, जो स्वतः डिसेंटर होता, अशाच एखाद्या कडव्या पाद्र्याचा आवाज घेऊन ‘डिसेंटरांचा सर्वांत जवळचा उपाय’ सुचवला: त्यांच्या सभेत सापडेल त्याला हद्दपार करा आणि प्रवचनकाराला फासावर चढवा.

थट्टा पुष्कळांच्या लक्षातच आली नाही. काही कडव्या चर्चवाल्यांना पॅम्फ्लेट मनापासून पटलं, तर डिसेंटर धास्तावले. डिफोने कुठे डोळा मिचकावला नव्हता, पण खरी मेख वेगळीच होती. व्यासपीठांवरून रोज जे अर्धवट बोललं जात होतं, ते त्याने फक्त शेवटापर्यंत नेलं होतं. लेखक कोण ते कळल्यावर दोन्ही बाजू खवळल्या. प्रती जल्लादाच्या हातून जाळण्यात आल्या. डिफोला मे महिन्यात अटक झाली, दंड आणि तुरुंगवास झाला आणि जुलैअखेर सलग तीन दिवस तो पिलरीत, म्हणजे मान आणि हात फळ्यांत अडकवून भर चौकात, उभा राहिला. गर्दीने दगड मारले तर पिलरी जिवावरही बेतू शके. डिफोने मात्र त्याच दिवसांत पिलरीवरच एक उपहासात्मक स्तोत्र छापलं.

आता दुसरी बाजू पाहा. ५ नोव्हेंबर १७०९ रोजी सॅशेव्हरेलने सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये डिसेंटर आणि त्यांना पाठीशी घालणारे व्हिग यांना ‘खोटे बंधू’ ठरवलं. छापील प्रवचन हातोहात खपलं. व्हिग सरकारने त्याच्यावर थेट संसदेत महाभियोग चालवला. मार्च १७१० मध्ये त्याच्या बाजूच्या जमावाने लंडनमधली डिसेंटरांची प्रार्थनाघरं फोडली, बाकं आणि व्यासपीठं रस्त्यात आणून पेटवली. उमरावांनी ६९ विरुद्ध ५२ मतांनी त्याला दोषी ठरवलं खरं, पण शिक्षा काय? तीन वर्षं प्रवचनबंदी आणि प्रवचनाची होळी. त्या उन्हाळ्यात तो गावोगाव मिरवला आणि शरदातली निवडणूक टोरींनी जिंकली.

द्वेषाची नक्कल करणारा पिलरीत गेला आणि अस्सल द्वेष बोलणारा मिरवणुकीत. आणि डिफोने नकलेत मांडलेला उपाय सौम्य रूपात कायद्यात उतरू लागला. १७११ मध्ये प्रभुभोजनाची पळवाट बंद झाली. १७१४ मध्ये डिसेंटरांच्या शाळा बंद करणारा कायदा मंजूर झाला. तो लागू व्हायचा होता १ ऑगस्टला. नेमकी त्याच दिवशी ॲन राणी वारली, व्हिग परतले आणि कायदा कागदावर राहिला. १७१९ मध्ये दोन्ही कायदे रद्द झाले. पदासाठी प्रभुभोजनाची मूळ अट मात्र व्हिगांनीही हलवली नाही. ती जायला १८२८ साल उजाडलं.